मूळ खोक्यासह

"उलटं घालतेयस," मी म्हणालो.

शनिवारी आमचं काम अर्धा दिवस असतं. दुपारी घरी आलो तर जेवणाच्या टेबलावर मिक्सरचं खोकं होतं आणि ताई त्यात मिक्सर कोंबत होती. खोकं माळ्यावरचं. तिने ते ओल्या फडक्याने पुसलं होतं. ओल्या फडक्याने पुठ्ठा पुसू नये, हे तिला हजारदा सांगून झालंय. वर छापलेला लालभडक टोमॅटो एका बाजूने सुरकुतला होता. आतल्या थर्माकोलचे दोन भाग असतात. खालच्या भागाला बटणाच्या जागी खाच असते, ती पुढे आली की मिक्सर आपला आपण खाली बसतो, जोर लावावा लागत नाही. तिने तो भाग उलटा फिरवून ठेवला होता आणि आता तळहाताने मिक्सर दाबत होती. थर्माकोल किरकिरत होता, पांढरे कण टेबलभर झाले होते. रोज सकाळी चालणारा मिक्सर भर दुपारी खोक्यात कशाला चालला आहे, हे दुसऱ्या कोणीही आधी विचारलं असतं. मी चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि उलटं घालतेयस एवढंच म्हणालो. ती बाजूला झाली.

"मग तूच घाल, पुठ्ठ्या."

मी घातला. वायर चार बोटांवर गुंडाळली आणि तिला मूळची काळी तार बांधली. ही तार लोक पहिल्याच दिवशी फेकतात; मी ती खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवतो. भांडी एकात एक, मध्ये कागद, झाकणं बाजूच्या कप्प्यात, सगळ्यात वर माहितीपुस्तिका. खोकं बंद करताना आतली हवा बाहेर पडते आणि एक बारीक आवाज होतो. तो आवाज झाला की काम झालं. तो झाला आणि मग मी विचारलं, "बिघडला काय?"

"नाही. नेतेय मी."

"कुठे?"

ताईने कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या घरी. उद्या टेम्पो येतोय. हे मी तुला किती वेळा सांगितलंय, आठवतंय का?"

आठवत होतं. म्हणजे ऐकलेलं होतं. नदीपलीकडे एक खोली बघितली आहे, असं ती एकदा भांडी विसळताना म्हणाली होती आणि मी हं म्हणालो होतो. मग खिडकी पूर्वेला आहे म्हणाली, मी हं म्हणालो. किल्ली मिळाली म्हणाली, तेव्हा मी बहुधा बरं म्हणालो असेन. कुठल्याही नव्या वस्तूबरोबर कितीतरी भाषांमधली एक जाडजूड पुस्तिका येते, ती आपण फेकत नाही आणि वाचतही नाही. तशी ती बातमी माझ्याकडे नीट ठेवलेली होती. आता मिक्सर खोक्यात गेल्यावर ती उघडली. मी थांबलो, पोटात गोळा वगैरे येतो का ते बघत. काही आलं नाही. भूक मात्र लागली होती, तेव्हा पावाला लोणी लावलं आणि उभ्यानेच खाल्लं. ताई माझ्याकडे बघत होती. मग तिने इस्त्री पुढे सरकवली. "हिचं खोकं कुठे आहे?" मी माळ्यावर चढलो.

पुठ्ठ्या हे नाव तिनेच ठेवलेलं. बाबांची नोकरी बदलीची होती, दर थोड्या वर्षांनी गाव बदलायचं, आणि बाबांचा नियम असा की वस्तू आली तर तिचं खोकं घरातच राहणार. रेडिओचं खोकं, पंख्याचं खोकं, शिवणयंत्राच्या मोटारीचं खोकं. बदलीचा हुकूम आला की बाबा बाह्या सरसावायचे आणि दोन दिवसांत घर खोक्यांत परत जायचं. नव्या गावी तेच घर तसंच बाहेर यायचं, फक्त भिंती वेगळ्या. लहानपणी मला वाटायचं की घर हे असंच असतं: खोक्यात राहतं आणि मधूनमधून बाहेर येतं. रिकाम्या खोक्यांत मी बसायचो. पंख्याच्या खोक्यात तर पाय लांब करून झोपता यायचं. आत एक उबदार कोरडा वास असतो, बाहेरचे आवाज येतात पण ते आपल्याला उद्देशून नसतात. ताई दुपारी मला शोधायची, खोक्यावर टिचकी मारायची आणि विचारायची, "आत कोण आहे? पंखा की पुठ्ठ्या?" मी ओरडायचो, पंखा. ती म्हणायची, मग फिर बघू. मी आतल्या आत गरगर फिरायचो आणि डोकं आपटून घ्यायचो. शेवटची बदली या शहरात झाली. इथे आल्यावर अर्धं सामान उघडलं आणि बाबा गेले. उरलेली खोकी आईने उघडू दिली नाहीत. ती म्हणायची, उगाच कशाला उघडायचं, पुन्हा भरावंच लागेल. भरावं कधीच लागलं नाही. आम्ही इथेच राहिलो, आई, ताई आणि मी, मग ताई आणि मी.

ताईच्या लग्नाचं एकदा जमत आलं होतं. तो माणूस दोनदा घरी आला, दोन्ही वेळेस माझ्याशी हवामानावर बोलला. मग ते बारगळलं. का, म्हणून आईने विचारलं तर ताई म्हणाली, त्याला शिंकताना तोंडावर हात धरायचं कळत नाही. नातेवाईक अजूनही हा किस्सा सांगून हसतात. खरं कारण काय होतं ते ना तिने सांगितलं ना मी विचारलं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते. दिवसभर मशीनवर काचेची कड घासायची, डोळ्यासमोर धरायची, पुन्हा घासायची, फ्रेममध्ये बसवून बघायची. त्यामुळे तिला प्रत्येक गोष्ट उजेडाकडे धरून बघायची सवय आहे: पेला, टोमॅटो, माझं तोंड. पंचावन्न ओलांडल्यावर एके दिवशी ती म्हणाली की मला एकदा तरी असं घर हवंय, जिथे पलंगाखाली खोकी नसतील. मी म्हणालो की पलंगाखाली फक्त टीव्हीचं आणि हीटरचं आहे. ती हसली. नंतर कळलं की ते हसणं नव्हतं.

इस्त्रीचं खोकं सापडलं. टेबलदिव्याचं सापडलं. ताईच्या लहान रेडिओचं, केस वाळवायच्या यंत्राचं, भिंतीवरच्या घड्याळाचं, तिने हौसेने घेतलेल्या आणि दोनदाच वापरलेल्या केकच्या भट्टीचं. मी एकेक खाली देत होतो आणि ती झेलत होती. माळ्यावर वाकून उभं राहावं लागतं. तिथे सगळी खोकी मी आकाराने लावलेली आहेत, मोठी मागे, छापील नाव पुढे. तिच्या वस्तूंची निघाली तशा मध्येमध्ये चौकोनी रिकाम्या जागा झाल्या आणि त्यांतून मागची भिंत दिसायला लागली. भिंतीचा रंग तिथे अजून नवा होता. मी तो हाताने चाचपला. हाताला गार लागला, बस्स.

माझ्या कामावर हेच चालतं. एका मोठ्या दुकानाचा परतीचा विभाग: गोदामाच्या मागच्या अंगाला लांब टेबल, वर दिव्यांच्या पांढऱ्या नळ्या, टेबलावर कटर, चिकटपट्टी आणि पुसायची फडकी. लोक घेतलेल्या वस्तू परत आणतात. मी उघडून बघतो. खोकं मूळचं असेल, आतलं सगळं जागच्या जागी असेल तर वस्तू नवी धरली जाते, पुन्हा विकायला जाते. खोकं नसेल तर वस्तू कितीही धडधाकट असो, ती मागच्या पिंजऱ्यात जाते आणि तिथून भंगारात. दिवसभर मी सगळ्यात जास्त बोलतो ते एकच वाक्य: मूळ खोकं आहे का? लोक चिडतात. वस्तू बघा ना, म्हणतात, खोक्याचं काय घेऊन बसलात. मी अंगाला लावून घेत नाही. वापरलंच नाही, असं शपथेवर सांगणाऱ्या माणसाच्या टोस्टरमधून मी पावाचा चुरा काढलेला आहे. केसांचे गुंते, साबणाचे डाग, गादीच्या कव्हरावर कुत्र्याचे पाय. एकदा एक बाई रांगेत उभी राहून टेबलदिव्याचं खोकं घेऊन आली. देखणं खोकं, कोपरासुद्धा चेपलेला नाही. उघडलं तर आत दिवाच नव्हता. थर्माकोलमध्ये दिव्याच्या आकाराचा खड्डा तेवढा होता. दिवा घरी टेबलावरच राहिला होता. बाई त्या खड्ड्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली, इतकी की तिला थांबता येईना, आमच्या सुपरवायझरने तिला पाणी आणून दिलं आणि तोही हसायला लागला. मी म्हणालो, वस्तूशिवाय परत घेता येणार नाही. यावर तर सगळं गोदाम हसलं. अजूनही जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी माझं तोंड करून हे वाक्य म्हणतं. मला राग येत नाही. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मात्र मला आजतागायत कळलेलं नाही.

असं ढिम्म असण्याचा फायदा होतो, हे मी नाकारत नाही. आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्यासाठी श्वासाचं मशीन भाड्याने आणलं होतं. दुकानदार म्हणाला होता, खोकं जपून ठेवा. मी ठेवलं. आई सकाळी गेली. दुपारपर्यंत जे करायचं ते झालं, माणसं आली आणि गेली, आणि घरात एकदम काही करायचं उरलं नाही. मशीन तिच्या पलंगाशी उभं होतं, त्याचा दिवा अजून चालू होता, ते कोणी बंदच केलं नव्हतं. मी बंद केलं. नळी पुसली, गुंडाळली, तोंडावरचा मास्क वेगळा काढून पिशवीत घातला, चाकं आत दुमडली. खोक्यात ते पहिल्या झटक्यात बसलं. खोकं बंद करताना तो बारीक आवाज झाला. मागे वळून बघितलं तर ताई दारात उभी होती, हातात आईची चादर. मी खोकं खांद्यावर घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने ते उघडून बघितलं आणि म्हणाला, वा, अगदी नवं वाटतंय हो. मला बरं वाटलं. आई गेली त्या दिवशी मला एकदाच काहीतरी वाटलं आणि ते बरं वाटलं. या गोष्टीचं काय करायचं ते मला माहीत नाही, म्हणून मी ती तशीच ठेवून दिली आहे.

रविवारी सकाळी आम्ही उरलेलं भरायला बसलो. ताईने चहा केला होता, तिच्या कपाचं आता काय करायचं यावर थोडा वाद झाला. कपाला खोकं नव्हतं. ती म्हणाली, कागदात गुंडाळते, जग बुडणार नाही. मी घड्याळ भरत होतो. घड्याळ भरताना आधी सेल काढायचा असतो. सेल काढला आणि काटे थांबले. काचेवर तिच्याच बोटांचे ठसे होते, सेल बदलतानाचे. मी तोंडाची वाफ देऊन ते पुसले. मागची पाटी पुसली. कडेची धूळ कापसाच्या काडीने काढली. पाठीमागच्या खाचेत एक कोळ्याचं जाळं होतं, तेही काढलं. घड्याळ कोणालाही नवं म्हणून विकता आलं असतं. ताईने ते माझ्या हातातून घेतलं आणि उजेडाकडे धरलं, अगदी दुकानात धरते तसं.

"पुसायची काय गरज होती?" ती म्हणाली.

"घाण होतं."

"घाण नव्हतं. माझं होतं."

मी खोकं पुढे केलं. तिने घड्याळ आत ठेवलं नाही, मांडीवर ठेवलं.

"ऐक. आईचं मशीन भरलंस ना, तसं मला भरू नकोस."

मी म्हणालो, "ते भाड्याचं होतं. परत द्यायचंच होतं."

"देवा," ताई म्हणाली. ती घड्याळाच्या काचेकडे बघायला लागली. काचेत खिडकी दिसत होती. मग तिने मान वर केली, आणि तिचा आवाज दुकानात गिऱ्हाईकाशी बोलते तसा शांत झाला. "हे बघ पुठ्ठ्या. मी जाणार आहे. ते काही बदलणार नाही, खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे आणि टेम्पो दुपारी येतोय. पण तू एकदा म्हण, जाऊ नको. मी थांबणार नाही. तुझ्यावर काही येणार नाही. नुसतं म्हण."

"थांबणार नाहीस तर म्हणू कशाला?"

"मला ऐकायचंय म्हणून."

मागणी सोपी होती. दोन शब्द. दिवसभर मी याहून लांब वाक्यं बोलतो. मी तोंड उघडलंही. जिभेवर शब्द होते, त्यांचा आकार कळत होता, पण त्यांच्या मागे जे असायला हवं ते आत चाचपडून सापडत नव्हतं, आणि रिकामं कसं द्यायचं? तिने ते उजेडाकडे धरून बघितलं असतं. तिच्यापुढे खोटं कधीच चाललेलं नाही. मी म्हणालो, "घड्याळ दे, टेम्पो येईल." तिने घड्याळ दिलं. मी ते भरलं, चिकटपट्टी लावली, पट्टीची टोकं दुमडली म्हणजे उघडताना सापडावीत. ताई उठली आणि आत जाऊन कपाट आवरायला लागली. हँगर दांडीवर सरकवल्याचे आवाज येत राहिले. ते नेहमीपेक्षा मोठे होते. चिकटपट्टीच्या दातेरी पात्यावर मी अंगठा दाबून बघितला. दुखलं. म्हणजे अंगठ्यात तरी काही बिघाड नव्हता.

टेम्पोवाला वेळेवर आला. जाडजूड, आनंदी माणूस होता. बाहेरच्या खोलीत रचलेली खोकी बघून त्याने शीळ घातली.

"साहेब, दुकान उघडताय की काय? सगळं सीलबंद!"

"हे जुनंच सामान आहे," मी म्हणालो.

"जुनं असं असतं? आमच्या घरी नवंसुद्धा असं दिसत नाही." तो ताईकडे वळला. "बाई, नवा संसार वाटतं?"

"हो," ताई म्हणाली. "नवाच."

त्याने भट्टी उचलली आणि जिना उतरायला लागला. मला त्याच्या पाठोपाठ जावं लागलं, कारण तो खोकं आडवं धरत होता आणि बाणाची खूण वरच्या दिशेला ठेवायची असते. खाली टेम्पोत मी सगळं रचलं: जड खाली, हलकं वर, मध्ये ताईची गादी. रस्त्यावरून जाणारी माणसं बघत होती. बघण्यासारखंच होतं ते, एकही पिशवी लोंबत नव्हती, एकही भांडं वाजत नव्हतं. ताई वर कुलूप... नाही, कुलूप कशाला लावेल, मी राहणार होतो तिथेच. ती वर उगाच एकदा सगळ्या खोल्यांतून फिरत होती. तिच्या पावलांचा आवाज खालपर्यंत येत नव्हता, पण ती कुठे कुठे थांबली असेल ते मला सांगता आलं असतं.

पुलावरून जाताना आम्ही तिघं पुढे बसलो होतो. मधे ताई. टेम्पोवाला त्याच्या मेहुण्याची गोष्ट सांगत होता, त्याने फ्रीजचं खोकं टाकलं आणि मग फ्रीज आतून गळायला लागला तर कंपनीने हात वर केले. "खोकं ठेवावं माणसाने," तो म्हणाला. ताई म्हणाली, "हे याला सांगू नका, याला चढेल." तिचा दंड माझ्या दंडाला लागत होता. ऊब कळत होती. नदीत पाणी होतं, त्यावर ऊन होतं. मला एवढंच सुचत होतं की घड्याळाचं खोकं आडवं तर झालं नसेल.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एकच खोली, एका कोपऱ्यात ओटा, दुसऱ्या कोपऱ्यात न्हाणीघराचं दार, आणि पूर्वेची ती खिडकी. समोरच्या इमारतीत कोणीतरी गॅलरीत मोजे वाळत घालत होतं. रंगाचा वास अजून गेला नव्हता. पलंग आधीच येऊन पडला होता. त्याच्याखाली लख्ख फरशी होती, भिंतीपर्यंत. टेम्पोवाला सामान टाकून, पाणी पिऊन, खाली जाऊन थांबला. जाताना मला पुलापलीकडे सोडतो म्हणाला. मग आम्ही उघडायला लागलो. उघडण्यात ताई पटाईत आहे. पट्टीचं टोक मी मुद्दाम दुमडून ठेवलेलं असताना ती ते बघायचीसुद्धा नाही, किल्ली खुपसून टरकन फाडायची. मिक्सर ओट्यावर आला. दिवा पलंगाशी. घड्याळाला खिळा आधीच ठोकून ठेवला होता तिने. सेल घातला, मनगटावर बघून वेळ लावली, टांगलं, दोन पावलं मागे गेली आणि तिथूनच म्हणाली, "सरळ आहे ना रे?" मी म्हणालो, डावीकडे थोडं. तिने केलं. रेडिओ लागला. वस्तू इथे वेगळ्या दिसत होत्या, जरा मोठ्या. आमच्या घरी त्या कधी एवढ्या मोठ्या वाटल्या नव्हत्या. ताई खोलीच्या मधोमध उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, आणि मी तिला इतक्या वर्षांत कधी न बघितलेली गोष्ट बघितली: ती कशातच अडखळत नव्हती. चालताना कुठेही वळसा घालत नव्हती.

मी रिकाम्या खोक्यांत थर्माकोल परत बसवायला घेतले. वरचा भाग, खालचा भाग, तार आतल्या बाजूला चिकटवून.

"ते काय करतोयस?"

"ठेवून देतो. पलंगाखाली बसतील."

"नाही."

"दोनच ठेव. मिक्सरचं आणि भट्टीचं."

"एकही नको. जाताना खाली टाकून दे. दाराशी पुठ्ठ्याचा डबा आहे."

"ठेव ताई," मी म्हणालो. "पुढेमागे लागलं तर."

"कशाला लागेल?"

मी मिक्सरच्या खोक्यावरचा सुरकुतलेला टोमॅटो अंगठ्याने सपाट करत होतो. "परत यायचं झालं तर," मी म्हणालो.

ताई माझ्याजवळ आली. तिला वाटलं असेल की मी आता काही तरी आणखी बोलेन, कारण ती थोडा वेळ थांबली. मग तिने माझ्या हातातून खोकं घेतलं, थर्माकोल बाहेर ओतला, खोकं पालथं केलं आणि तळाच्या पट्टीवरून किल्ली फिरवली. खोक्याचा तळ सुटला. तिने ते आडवं टाकलं आणि त्यावर पाय दिला. खोकं बसलं, सपाट झालं, आणि आतून हवा गेल्याचा तो आवाज आला, पण मोठा, सुस्कारा टाकल्यासारखा. तिने ते मला दिलं. मग भट्टीचं घेतलं. मग इस्त्रीचं. घाईने नाही, रागाने नाही, काच घासावी तशी लक्ष देऊन. कामावर मी रोज कितीतरी खोकी अशी मोडतो, त्यात नवीन काही नाही. मी सपाट पुठ्ठे छातीशी धरून उभा राहिलो आणि ती एकेक वर ठेवत गेली. घड्याळाचं. दिव्याचं. रेडिओचं एवढंसं होतं, ते तिने हातानेच चिरडलं. संपली.

खोलीत आता एकही खोकं नव्हतं. वस्तू होत्या आणि ताई होती, आणि त्यातलं काहीच आता कुठे परत जाणार नव्हतं. हे मला काल माहीत होतं, आज सकाळी माहीत होतं, पुलावर माहीत होतं. आत्ता ते कळलं. कोणीतरी विचित्र आवाज काढत होतं आणि ताईचा चेहरा बघून समजलं की तो मी होतो. मला भयंकर वाईट वाटत होतं. आई गेल्याचंसुद्धा वाईट वाटत होतं, आणि त्याचा क्रम लागत नव्हता. घरी गेल्यावर स्वयंपाकघरात मी दिवा लावीन आणि तिथे कोणी मला उलटसुलट काही बोलणार नाही, हे मला धडधडीत दिसत होतं आणि सहन होत नव्हतं.

"जाऊ नको," मी म्हणालो. "ताई, जाऊ नको ना."

डोळे भरले होते तिचे, पण ओठ हसायला लागले होते, आणि दोन्ही आवरत तिने माझ्या हातांतले पुठ्ठे नीट केले, सगळ्यांच्या कडा जुळवल्या, म्हणजे मला जिन्यात त्रास होऊ नये.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "मी कुठे जातेय आता? मी घरीच आहे. जायचंय ते तुला."